पंधराव्या वर्षीचा शिक्का

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत झळकली आणि आठवडाभर महाराष्ट्रात जो तो शिक्षणतज्ज्ञ झाला. तरतूद अशी की, दहावीत गणितात किंवा विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी, पण निदान वीस गुण मिळाले तर विद्यार्थ्याला उत्तीर्ण धरावे. मात्र याला पुढे गणित-विज्ञानाच्या वाटेने जाता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसून पस्तीस मिळवावेत. लगेच दोन तट पडले. एका बाजूला ‘दर्जाचा बट्ट्याबोळ’, दुसऱ्या बाजूला ‘गणिताच्या सक्तीने मुलांची आयुष्ये बरबाद’. दोन्हीकडचे लोक वीस आणि पस्तीस या दोन आकड्यांवरून हातघाईवर आले आणि तरतुदीतला खरा घातक भाग, म्हणजे तो शेरा, बोलण्याच्या ओघात तसाच सुटून गेला.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. किती गुणांना पास करायचे हा दुय्यम प्रश्न आहे. शाळा पूर्ण केल्याचा दाखला ही एक गोष्ट आणि पुढच्या शिक्षणात प्रवेश मिळण्याची पात्रता ही दुसरी. पहिली मंडळाने ठरवावी. दुसरी, मूल ज्याच्या दारात उभे आहे त्याने. आपण या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच दिवशी, पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात ठेवतो. आणि कोणत्या दाराला काय लागते, हे त्याला आधी कुणी सांगितलेलेच नसते.

हा गोंधळ आजचा नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा मुळात विद्यापीठात कुणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी होती. शाळेत मुलगा काय शिकला, हे मोजणे तिचे कामच नव्हते. पण सरकारी कचेऱ्यांना कारकून हवे होते, त्यांनी तीच परीक्षा नोकरीची अट केली, आणि विद्यापीठाचे फाटक बघता बघता सगळ्या समाजाचे फाटक झाले. स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली, मॅट्रिकची एसएससी झाली, अकरावीची दहावी झाली; जुना घोळ मात्र सहीसलामत राहिला. आजही दहावीचा निकाल लागला की कोण शाळा शिकले आणि कोण कुठे जाण्याच्या लायकीचे, या दोन्हींचा निवाडा आपण एका दमात करून टाकतो.

आता वीसवाल्यांचे जे म्हणणे खरे आहे, ते आधी मान्य करू. दहावीत अडखळणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची गाडी गणितावर अडते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. गावाकडच्या मुलीच्या बाबतीत तर नापास हा नुसता निकाल नसतो, शाळा संपल्याची सूचना असते. एटीकेटी आहे, पुरवणी परीक्षा आहे, हे सगळे खरे. पण एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा गणिताला बसेलच याची खात्री कोण देणार? तिला दहावीचा दाखला मिळाला तर ती बारावी करू शकते. बारावीवर पोलीस भरतीला उभी राहू शकते, कला शाखेतून जीएनएम नर्सिंगला जाऊ शकते. त्रिकोणमितीतल्या नित्य समानता न सुटल्यामुळे हे सगळे तिला बंद करण्यात कसला दर्जा टिकतो? हा मुद्दा भावनिक नाही, आणि दर्जाच्या नावाने गळा काढणाऱ्यांकडे त्याला उत्तरही नाही. (या बाजूने रामानुजनचा दाखला मात्र कृपा करून देऊ नये. तो कॉलेजात नापास झाला हे खरे, पण गणितात नव्हे, बाकीच्या विषयांत.)

पस्तीसवाल्यांचाही एक मुद्दा तितकाच भक्कम आहे, फक्त ते तो मांडत नाहीत. ते ‘आमच्या वेळी’पासून सुरू होतात. खरा मुद्दा असा की, पास होण्यासाठी जे लागत नाही, ते शिकवणेही हळूहळू बंद होते. ज्या शाळेत गणिताला एकच शिक्षक आणि त्याच्याकडेच शालार्थपासून (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) पोषण आहारापर्यंतची निम्मी ऑनलाइन माहिती, तिथे ‘या पोरांना वीसच हवेत’ हे कळल्यावर काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको. पुढच्या बाकांना पस्तीसचे गणित आणि मागच्या बाकांना वीसचे. आणि मागच्या बाकांवर कोण बसते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

पण मग पस्तीसच्या पावित्र्याबद्दलही थोडे खरे बोलू. दहावीच्या गणितात शंभरातले ऐंशी गुण लेखी, वीस अंतर्गत. अंतर्गतचे वीसपैकी अठरा देणे हा बहुतेक शाळांचा शिरस्ता आहे. न देणारा शिक्षक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोलावला जातो. म्हणजे लेखीत ऐंशीपैकी सतरा मिळाले की पोरगा पस्तीसला पोचला. ऐंशीपैकी सतरा गुणांत बीजगणित आणि भूमितीचे कोणते ज्ञान सामावते? ज्या आकड्यासाठी आपण लढतो आहोत तो आतून केव्हाच पोकळ झाला आहे. तो वाचवल्याने दर्जा वाचणार नाही आणि उतरवल्याने आणखी फारसा घसरणारही नाही.

शेऱ्याचे तसे नाही. शेऱ्याने नवीन काहीतरी घडते, आणि ते काय, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली होती. आठवीनंतर मुलांनी विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, गृहविज्ञान अशा गटांत विभागून जावे, प्रत्येकाने आपला कल पाहावा. कागदावर देखणी योजना. पण चौदाव्या वर्षी ‘कल’ ठरतो तो बहुधा बापाच्या धंद्यावरून आणि गावातल्या शाळेत कोणता शिक्षक आहे त्यावरून. दहा-बारा वर्षांनी कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे फाटे पुढे ढकलले: पहिली दहा वर्षे सगळ्यांना एकच सर्वसाधारण शिक्षण, त्यात गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे, विभागणी त्यानंतर. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तिथून आला. आज आपण ‘गणिताची सक्ती’ म्हणून जिला नावे ठेवतो, ती मुळात समतेसाठी केलेली सक्ती आहे. शेतमजुराच्या पोरालाही विज्ञानाच्या वाटेवर निदान दहावीपर्यंत चालू द्यायचे, एवढाच तिचा अर्थ. गुणपत्रिकेवरचा शेरा तो जुना फाटा मागच्या दाराने परत आणतो. आणि या वेळी कल पाहूनसुद्धा नाही, नापाशी पाहून.

‘मग आयटीआय करेल की,’ असे चर्चेत फार सहज म्हटले गेले. म्हणणाऱ्यांनी आयटीआयची माहितीपुस्तिका उघडून पाहिलेली दिसत नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियन या ट्रेडना प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण लागते, तीही गणित आणि विज्ञान घेऊन. वेल्डर, वायरमन, प्लंबर हे आठवीवर मिळतात. मग ‘गणित-विज्ञानाच्या वाटेने जाता येणार नाही’ असा शेरा घेऊन आलेल्या मुलाला फिटरच्या रांगेत उभे करायचे की नाही? पॉलिटेक्निकचे काय? म्हणजे ज्याला हाताच्या कामात गती आहे म्हणून आपण पुस्तकी गणितातून सोडवले, त्याचीच हाताच्या कामाची सर्वांत चांगली दारे बंद. उरली कला शाखेची अकरावी. बरे, तिथून पोलीस भरतीला गेला, तर लेखी परीक्षेत पहिलाच घटक अंकगणित. गणित त्याला सोडत नाही. सुटतो तो फक्त ते शिकवण्याच्या जबाबदारीतून आपला हात.

शिवाय शेरा पडणार तो नेमका कुणावर? मुलांना वाचता-मोजता किती येते हे पाहणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहण्या वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात: देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही. भागाकार हा चौथीचा विषय. चूक चौथीत घडली, शिक्का दहावीत बसला, आणि मधली सहा वर्षे ज्यांच्या हातात होती त्यांच्या कागदावर कुठलाच शेरा नाही. ज्यांच्या घरी क्लासची फी भरायला पैसे आहेत त्यांची पोरे कशीही करून पस्तीसची वेस ओलांडतीलच.

सवलत देऊन अडथळा काढला की अडथळा जातो, असे मानणाऱ्यांनी बिहारकडे एकदा पाहावे. १९६७ मध्ये कर्पूरी ठाकुर उपमुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री असताना त्यांनी मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती काढली. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. इंग्रजी ही खेड्यातल्या मुलांना, मुलींना, मागास जातींना अडवणारी भिंत होती, आणि ती पाडल्यावर अनेक घरांतला पहिला मॅट्रिक त्या वर्षांत पास झाला. पण इंग्रजीशिवाय पास झालेल्यांना लोक हिणवून ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणू लागले. अट शाळेच्या दारातून गेली आणि कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. ज्यांच्या घरी इंग्रजी होती ते ती शिकतच राहिले. तरीही माझ्या मते कर्पूरी ठाकुर पूर्ण चुकले नव्हते. नसलेल्या दाखल्यापेक्षा असलेला दाखला केव्हाही बरा. त्यांच्या निर्णयात कमी होती ती पुढच्या पायरीची: मागून इंग्रजी शिकू पाहणाऱ्याला वाट कुठली? आणि बिहारात निदान ती हिणवणी लोकांच्या तोंडी होती. आपल्या आराखड्याने ती थेट गुणपत्रिकेवर छापायचे योजले.

यावर पर्याय आहे, आणि तो परदेशातून आणायला नको. आपल्याच मंडळात काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा विषय होता. ज्याला बीजगणित-भूमिती झेपत नाही त्याने व्याज, क्षेत्रफळ, नफा-तोटा, तक्ते-आलेख असले व्यवहाराचे गणित शिकावे. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा, २०१८ च्या सुमारास, तो बंद झाला. त्यातही खोट होती: एकदा सामान्य गणित घेतले की विज्ञान शाखा कायमची दुरावली, आणि काही शाळा निकालाची टक्केवारी राखण्यासाठी वर्गच्या वर्ग तिकडे वळवत. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून जरा शहाणपणाने वाट काढली. वर्ग एक, शिक्षक एक, अभ्यासक्रमही एक. फक्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका दोन, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. बेसिकवाल्याला नंतर गणित घ्यावेसे वाटले तर कंपार्टमेंट, म्हणजे पुरवणी, परीक्षेच्या वेळी स्टँडर्डचा पेपर देता येईल, अशी सोय ठेवली. शिकवण्यात फरकच नसल्यामुळे मागचे बाक वेगळे काढायला शाळेला सबब मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विषय दोन पातळ्यांवर द्यावेत आणि सुरुवात गणितापासून करावी, असे म्हटले आहे. धोरणात हे असताना आपण वीस गुण आणि शेरा यांच्याकडे का वळलो, हे मला अजून उमगलेले नाही. स्वस्त पडते म्हणून, असा माझा संशय आहे. दुसरी प्रश्नपत्रिका काढायला माणसे लागतात. शेऱ्याला शाई पुरते.

‘दाखला वेगळा आणि पात्रता वेगळी’ या माझ्या म्हणण्यावरही एक मोठा आक्षेप आहे, आणि तो कॅलिफोर्नियातून येतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी पालकांना तो पाठ असेल. तिथे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी राज्याची किमान अट आहे दोन वर्षे गणित आणि तीन वर्षे इंग्रजी. पण राज्याच्याच विद्यापीठांत जायचे तर ‘ए टू जी’ नावाची वेगळी यादी आहे: चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, दोन वर्षे प्रयोगशाळेसह विज्ञान, दोन वर्षे परभाषा, आणि प्रत्येकात निदान सी श्रेणी. डी मिळाली तर शाळा पास, विद्यापीठाला अपात्र. म्हणजे तिथे मी म्हणतो तशी विभागणी आहेच, आणि तिचा काच बसतो तो गरीब घरातल्या मुलांना. टोपी उडवून हायस्कूल पार केल्यावर त्यांना कळते की विद्यापीठाच्या यादीतले दोन विषय आपण घेतलेच नव्हते. मग विभागणी करून काय साधले?

आक्षेप रास्त आहे. पण लॉस एंजेलिसने त्यावर काय केले आणि त्याचे काय झाले, तेही पाहायला हवे. २००५ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने ठरवले की ‘ए टू जी’ हीच सगळ्यांसाठी हायस्कूलची अट. दाखला आणि पात्रता एक करून टाकले, आपल्यासारखे. प्रत्यक्ष अट लागू व्हायची वेळ आली तेव्हा हजारो मुले दाखल्यालाच मुकणार असे दिसू लागले, आणि २०१५ मध्ये मंडळाला डी श्रेणीवरही दाखला द्यायचे कबूल करावे लागले. विद्यापीठाने आपली सी सोडली नाही. म्हणजे अट खाली आली आणि दार होते तिथेच राहिले. दोन्ही अटी एकत्र बांधल्या की शेवटी खालचीच जिंकते, हा त्याचा अर्थ. आणि वेगळ्या ठेवल्या तर मुलाला दोन्ही आधीपासून ठाऊक असाव्या लागतात. तिथल्या सुस्थितीतल्या शाळांत नववीतच मुलाला शेजारी बसवून चार वर्षांचा विषयांचा आराखडा काढून देणारा समुपदेशक असतो. जिथे तो शेकडो मुलांत वाटलेला असतो, तिथे मुले गळतात. दोष विभागणीत नाही, न सांगण्यात आहे.

न सांगण्यात आपला हात धरणारे कुणी नाही. माझ्या परिचयातल्या एका मुलीने वाणिज्य शाखेत अकरावीला प्रवेश घेतला. कागदपत्रे तपासून झाल्यावर खिडकीतल्या कारकुनाने विचारले, “मॅथ्स की एसपी?” (एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, गणिताऐवजी घेता येणारा विषय.) वडील म्हणाले, “सर, सोपं काय असतं?” “एसपीला मार्क पडतात. लवकर सांगा, मागे लाइन आहे.” झाले. एका मिनिटात एसपी. दोन वर्षांनी तिला आयटीच्या पदवीला जायचे होते. तिने पाहिलेल्या कॉलेजांत बारावीला गणित असण्याची अट होती. तिच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मागच्या रांगेने घेतला. तिला कुणी फसवले नव्हते, कुणाला तिचे वाईट करायचे नव्हते. फक्त ‘मॅथ्स की एसपी’ या प्रश्नापुढे काय काय टांगलेले आहे, हे खिडकीच्या आत किंवा बाहेर कुणालाच माहीत नव्हते.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. कृषी, ललित कला, आरोग्य विज्ञान, गणवेशधारी सेवा असे कल तिच्यातून निघायचे. आता गणवेशधारी सेवेकडे कल असलेल्या मुलाला काय सांगायला हवे होते? हे, की एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, लष्करात जायला बारावीची कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागते. त्याच्या हातात कल पडला, वाट कुणी दाखवली नाही.

गंमत म्हणजे परतीच्या वाटा आपल्याकडे आहेत. मंडळाच्या बारावीच्या परीक्षा अर्जाचे प्रकटन वाचा: नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार, आणि त्यांच्या शेजारी ‘तुरळक विषय’ घेऊन बसणारे विद्यार्थी. म्हणजे बारावी झाल्यावर एखादा राहिलेला विषय तेवढाच देण्याची सोय. आयटीआय केलेल्याला त्याचे श्रेयांक वर्ग करून दहावी-बारावीची समकक्षता मिळते. शाळा सुटलेल्याला बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. वैद्यकीय आयोगानेसुद्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केले की, ज्याने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पूर्ण केले त्यालाही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येईल. आभाळ कोसळले नाही. कारण वैद्यकीय शिक्षणाची कसोटी त्या प्रवेश परीक्षेत आहे. मुलाने जीवशास्त्र सतराव्या वर्षी घेतले की एकोणिसाव्या, याने रुग्णाला काही फरक पडत नाही. वरच्या मुलीला ‘तुरळक विषय’ हे दोन शब्द कुणी सांगितले असते, तर तिने वाणिज्याचे गणित वर्षभरात काढले असते. एसपीची मुलगी होती, पण गणितात दहावीला बहात्तर होते तिला.

तेव्हा मागणी साधी आहे. शेरा काढा, गुण तिथे छापलेलेच असतात, ज्याला पाहायचे तो पाहील. दहावीपर्यंत गणित सगळ्यांना आणि एकाच वर्गात राहू द्या. प्रश्नपत्रिका दोन काढा आणि साधी देऊन पास झालेल्याला वरची केव्हाही देता येईल असे लिहून ठेवा. फिटरला काय लागते ते आयटीआय ठरवील, भौतिकशास्त्राला काय लागते ते कॉलेज ठरवील. हवे तर ते स्वतःची पूर्वतयारी घेतील. यावर एकच आडकाठी उरते, ती पैशांची: तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांत ही पूर्वतयारी घेणार कोण? तिला माझ्याकडे उत्तर एवढेच आहे की, नापासांच्या पुरवणी परीक्षांवर आणि अकरावीच्या रिकाम्या जागांवर आपण आजही खर्च करतोच आहोत.

उरले सांगण्याचे काम. कोणत्या अभ्यासक्रमाला बारावीत कोणता विषय लागतो, कोणत्या ट्रेडला दहावीचे काय लागते, आणि चुकल्यास परत कुठून यायचे, हे सगळे एका पानात मावते. त्याला समुपदेशकाची पदे मंजूर होण्याची वाट पाहायला नको आणि नवे पोर्टलही नको. बालभारतीच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकाचे मलपृष्ठ पुरेल.